गद्दाराच्या तोंडून देशाचा इतिहास

थाबाई हे गाव नकाशात शोधू नका, सापडणार नाही. ते न्गुगी वा थिओंगोच्या 'अ ग्रेन ऑफ व्हीट' या १९६७ सालच्या कादंबरीत आहे. केनिया स्वतंत्र झाला १२ डिसेंबर १९६३ ला. त्याच्या आधीचे चार-पाच दिवस आणि तो दिवस, एवढ्यात ही कादंबरी घडते. गावाला सभा घ्यायची आहे. किहिका नावाचा जंगलात राहून लढणारा पोरगा गोऱ्यांनी भरबाजारात झाडाला लटकवला होता, त्याच्या स्मरणाची सभा. सभेला मुख्य भाषण करायला वीर पाहिजे.

वीर गावानं ठरवलेला आहे. मुगो. आईबाप नसलेला, दारुड्या आत्याकडं मार खात वाढलेला, कुणाशी न बोलणारा, आपल्या तुकड्यावर एकटा खपणारा माणूस. आणीबाणीत खंदक खोदताना शिपाई एका बाईला मारत होता तर हा मध्ये पडला. त्याला पकडलं, छावण्यांतून फिरवलं, हाल केले, यानं तोंड उघडलं नाही. गावात त्याच्यावर गाणी झाली. भाषण करा म्हटलं की मुगो नको नको म्हणतो. गाव म्हणतं, बघा, मोठेपणाचा गर्व नाही गड्याला.

आणि किहिकाला पकडून दिलं ते मुगोनंच.

वाचणाऱ्याला हे हळूहळू कळतं. गावाला कळतं ते भर सभेत, मुगो स्वतः सांगतो तेव्हा. गावाचा संशय दुसऱ्यावर असतो. करांजा, गोऱ्यांचा होमगार्ड, त्याला उघडा पाडायचा म्हणून सगळी तयारी झालेली. फितुरानं पुढं यावं असं माईकवरून आव्हान होतं आणि पुढं येतो तो ठरवलेला वीर. सभेत आरडाओरडा होत नाही. दगड उचलत नाही कुणी. माणसं गप उठून घरी जातात. नंतर जंगलातले दोन लढवय्ये त्याला घेऊन जातात, निवाडा करायला.

दोस्तहो, मी इंग्रजी शाळेतला नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तिसरी पाळी करून, दुपारी झोप झाली की डिक्शनरी घेऊन बसायचो, असे चार महिने लागले या पुस्तकाला. त्यामुळं समीक्षकांची भाषा इथं मिळणार नाही. पण एका देशाच्या स्वातंत्र्याची कादंबरी लिहायला बसलेला माणूस स्वातंत्र्याच्या दिवशी व्यासपीठावर गद्दाराला उभा करतो, हे काय आहे ते समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. आपल्याकडं ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की गादी, तलवार, शनिवारवाडा. १९६२ साली रणजित देसाईंनी 'स्वामी' लिहिली, माधवराव पेशव्यावर. मराठी घराघरात ती वाचली गेली. इतिहासाची कादंबरी म्हंजे धन्याची कादंबरी, हे आपल्या डोक्यात तिथूनच, किंवा त्याच्याही आधीपासून, पक्कं बसलेलं.

न्गुगी २८ मे २०२५ ला अमेरिकेत वारला. ८७ वर्षांचा होता. आपल्या चळवळीनं १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, तिकडच्या काळ्या कवींना आपलं म्हटलं. आफ्रिकेतल्या या माणसाकडं आपलं लक्ष त्या मानानं कमी गेलं, असं मला वाटतं.

आधी जमिनीचं बघू, कारण त्याच्या सगळ्या कादंबऱ्या जमिनीवर उभ्या आहेत. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली. रूळ टाकायला सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेले, बहुतेक पंजाबातले. त्यातले अडीच हजाराच्या आसपास तिथंच मेले. रेल्वेचा खर्च निघाला पाहिजे म्हणून गोरे शेतकरी आणून वसवले. डोंगरमाथ्याची थंड, काळी, चांगली जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवली. आधी ९९ वर्षांचा पट्टा होता, १९१५ च्या कायद्यानं तो ९९९ वर्षांचा केला. नऊशे नव्व्याण्णव! ज्यांची जमीन ते त्याच जमिनीवर मजूर झाले. १९२० च्या सुमारास आफ्रिकी पुरुषांना 'किपांडे' आला. ओळखपत्र, बोटांच्या ठशांसकट, कुठं काम केलं त्याची नोंद, आणि ते पत्र्याच्या डबीत घालून दोरीनं गळ्यात अडकवायचं. गळ्यात मडकं म्हंजे काय हे ज्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही त्यांना या डबीबद्दल मी जास्ती काय सांगू.

'वीप नॉट, चाइल्ड' ही न्गुगीची पहिली छापलेली कादंबरी, १९६४ ची. त्यात न्गोथो नावाचा बाप आहे. पहिल्या महायुद्धात गोऱ्यांसाठी राबायला नेलेला, परत आला तर बापजाद्यांची जमीन गेलेली. आता ती हॉवलंड्स या गोऱ्याकडं आहे आणि न्गोथो तिथंच चाकर आहे. तो दुसरीकडं जात नाही. गोरे एक दिवस जाणार असं जुनं भाकीत आहे, तोवर जमिनीजवळ राहायचं, तिची राखण करायची. हॉवलंड्सला वाटतं हा माझा इमानी गडी. दोघं बरोबर चहाच्या मळ्यातून फिरतात, दोघंही त्याच रोपाकडं मायेनं बघतात. एकाला वाटतं माझं आहे. दुसऱ्याला माहीत आहे माझं आहे. त्या दोन पानांत न्गुगीनं जे केलं ते कायद्याच्या दहा कलमांनी होणार नाही. पण न्गोथोचा पोरगा बोरो दुसऱ्या महायुद्धातून आलाय, भाऊ तिकडं मेला, त्याला भाकीत नको आहे. तो बापाला विचारतो, तुम्ही गप कसे राहिलात? हा प्रश्न आपल्याही घराघरात विचारला गेला आहे. मी विचारला आहे.

ऑक्टोबर १९५२ मध्ये इंग्रजांनी आणीबाणी लावली. माऊ माऊ म्हणून जे लढले ते मुख्यतः गिकुयू जमातीतले भूमिहीन, शहरातले कामगार, बेकार पोरं. एप्रिल १९५४ मध्ये नैरोबी शहर वेढून हजारो माणसं उचलली. पुढं सुमारे दहा लाख लोकांना घरं जाळून आठशेच्या वर नव्या गावांत कोंबलं, भोवती खंदक आणि काटे, आणि तो खंदक त्यांच्याकडूनच खोदून घेतला. १०९० माणसं फासावर दिली. गोरे नागरिक मेले बत्तीस. माऊ माऊनं मारलेल्यांत काळेच कितीतरी जास्त होते, हेही लपवायचं कारण नाही. गिकुयू जंगलात आणि गिकुयू होमगार्डात, एका घरातला एक इकडं आणि एक तिकडं.

न्गुगीच्या घरातही तेच. तो १९३८ चा, नैरोबीजवळच्या लिमुरूतला, कामिरीथू गावचा. थोरला भाऊ जंगलात गेला. त्यासाठी आईला होमगार्डच्या ठाण्यात ठेवून छळलं. एक भाऊ बहिरा होता. सैनिकानं थांब म्हटलेलं त्याला ऐकू आलं नाही, गोळी घातली. शाळेतून सुट्टीला न्गुगी घरी आला तर गाव जागेवर नव्हतं, पाडून टाकलेलं. यातूनच मुगो, किहिका, करांजा आले. (जाता जाता: जंगलातला मोठा सेनानी डेडन किमाथी पकडला गेला २१ ऑक्टोबर १९५६ ला. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी नागपुरात दीक्षाभूमीवर आपली माणसं जुनं ओझं टाकून उभी राहिली होती. दोन्हींचा काही संबंध नाही, पण तारखा शेजारी ठेवून बघितल्या की माझ्या अंगावर काटा येतो.)

आता परत मुगोकडं. तो फितूर का झाला? पैशासाठी नाही, गोऱ्याच्या प्रेमासाठी नाही. किहिका साहेबाला मारून रात्री त्याच्या झोपडीत घुसला, आश्रय मागितला, वर संघटना बांध म्हणाला. मुगोला फक्त एकटं राहायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा चार रोपं त्याच्या हातानं उगवत होती, आणि हा इतिहास दार ढकलून आत आला. त्याला किहिकाचा संताप आला. आपण ज्याला 'चळवळीबाहेरचा समाज' म्हणतो तो हाच की. ज्याला मोर्चा नको, वर्गणी नको, ज्याला वाटतं माझं मला करू द्या. न्गुगी या माणसाला हलकट करत नाही आणि सोडूनही देत नाही. मुगोची शिक्षा चुकत नाही. पण ती होण्याआधी वाचणाऱ्याला त्याच्या झोपडीत रात्रभर बसावं लागतं.

आणि तो एकटा आहे थोडाच? गिकोन्यो सुतार छावणीत बायकोच्या आठवणीनं मोडतो, शपथ घेतल्याचं कबूल करून सुटतो, घरी येतो तर मुम्बीच्या कडेला करांजाचं मूल. गावातला जवळजवळ प्रत्येकजण कुठंतरी वाकलेला आहे. किहिका तेवढा वाकला नाही, कारण तो मेला. मुगो फक्त सगळ्यांसमोर बोलला. म्हातारी वाम्बुई नंतर विचार करत बसते की आपलं कुठं चुकलं. मला वाटतं देश कशाचा बनतो या प्रश्नाला न्गुगीनं दिलेलं उत्तर त्या गप्प उठून गेलेल्या सभेत आहे. पुतळे उभारून देश होतो असं मानणाऱ्यांना ते पटणार नाही.

आपल्या गटागटांत 'गद्दार' हा शब्द फार स्वस्त झालाय. एका बैठकीला आला नाही, गद्दार. दुसऱ्या बॅनरखाली दिसला, गद्दार. नोकरी लागली, गप झाला, गद्दार. मी हे कुणाला वाचवायला म्हणत नाही. पण माणूस मोडतो कसा, कुठल्या रात्री, कुणाच्या धाकानं, याचा इतिहास आपण लिहिलेला नाही. मोठ्या माणसांच्या जयंत्यांचा इतिहास लिहिला.

त्याच कादंबरीत एक छोटी गोष्ट आहे. गिकोन्यो आणि चारपाचजण मिळून निघून चाललेल्या एका गोऱ्याचा छोटा मळा विकत घ्यायचं ठरवतात. कर्जासाठी आपल्या भागाच्या खासदाराकडं नैरोबीला खेटे घालतात. खासदार उद्या या म्हणतो. मळा शेवटी विकत घेतो तो खासदारच. स्वातंत्र्य अजून आलेलंही नाही! हे न्गुगीनं १९६७ मध्ये लिहिलं, देशाला चार वर्षंही झाली नव्हती. पहिला राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा तेव्हा सांगत होता की झालं गेलं विसरा, आपण सगळेच लढलो. माऊ माऊला त्यानं रोग म्हटलं. स्वातंत्र्यानंतरही ती संघटना कायद्यानं बंदी घातलेलीच राहिली, २००३ पर्यंत. म्हंजे ज्यांच्या मरणावर झेंडा चढला ते झेंड्याखाली चाळीस वर्षं गुन्हेगार. 'सगळेच लढलो' या वाक्यात होमगार्डही आला, सावकारही आला, खासदारही आला. फक्त जो खरा लढला तो लंगडत बाजूला राहिला.

तो लंगडा 'पेटल्स ऑफ ब्लड' मध्ये आहे. १९७७ ची ही कादंबरी. अब्दुल्ला, जंगलात पाय गमावलेला, इल्मोरोग नावाच्या ओसाड गावात एक बारकं दुकान आणि एक गाढव घेऊन बसलेला. दुष्काळ पडतो तेव्हा गावातली माणसं त्या गाढवाच्या गाडीसह चालत राजधानीला जातात, खासदाराला भेटायला. ही वाटचाल वाचताना मला आपले लाँग मार्च आठवले. पुढं गावात महामार्ग येतो, बँक येते, दारूचा कारखाना येतो, आणि ज्यांचं गाव तेच झोपडपट्टीत जातात. अब्दुल्ला रस्त्याकडेला संत्री विकतो.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो करेगा. शाळेतून काढलेला, मास्तर झालेला, परत काढलेला, मग कारखान्यात युनियन बांधणारा. पोरांना शिकवताना त्याला इतिहास पाहिजे असतो. आपले लोक कोण होते, त्यांनी काय केलं, कोण राबलं. तो शहरातल्या ओळखीच्या वकिलाला पत्र लिहितो, पुस्तकं पाठवा. पुस्तकं येतात, आपल्याच काळ्या प्राध्यापकांनी लिहिलेली. हा आशेनं उघडतो. तर काय? गोऱ्यांच्या आधी नुसती भटकंती आणि मारामाऱ्या, खरा इतिहास गोरे आल्यावर सुरू. राबणारा माणूस कुठंच नाही. करेगा चडफडतो. मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून बाहेर जाऊन बिडी ओढून आलो. ग्रंथालयातल्या जाडजूड पुस्तकांच्या सूचीत आपल्या वस्तीचं, आपल्या गिरणीचं, आपल्या आजीच्या नावाचं काही सापडतं का ते शोधलेल्या प्रत्येकाला करेगा ओळखीचा वाटेल.

इथं एक मौज आहे. या कादंबरीचं नैरोबीत प्रकाशन केलं ते तेव्हाचे अर्थमंत्री म्वाई किबाकी यांनी. २००३ मध्ये माऊ माऊवरची बंदी उठली ती याच किबाकींच्या राजवटीत. सरकारला इंग्रजी कादंबरीची भीती वाटली नाही, कारण ती वाचणारे बंगल्यात राहत होते. भीती वाटली ती त्याच वर्षी कामिरीथूला झालेल्या नाटकाची. न्गुगी वा मिरी या सहकाऱ्याबरोबर त्यानं गिकुयू भाषेत नाटक लिहिलं. शेतकरी, चहामळ्यातले मजूर, बाटाच्या बूट कारखान्यातले कामगार नट झाले, त्यांनीच उघडं नाट्यगृह बांधलं. संहिता वाचली की मजूर म्हणायचे, हे असं नसतं, असं असतं. जंगलात लढलेले तिथंच बसलेले, मजुरीचा हिशोब करणारे तिथंच बसलेले. इतिहासाचं प्रूफ ज्यांनी इतिहास घडवला त्यांनी तपासलं! १६ नोव्हेंबर १९७७ ला सरकारनं नाटक बंद पाडलं. ३१ डिसेंबरला न्गुगीला उचललं. खटला नाही, आरोप नाही, कामिती तुरुंगात एक वर्ष. तिथं त्यानं ठरवलं की आता कादंबरी गिकुयूतच. तुरुंगातल्या संडासाच्या खरबरीत कागदावर ती लिहिली आणि १९८० मध्ये छापली. इंग्रजीत तिला 'डेव्हिल ऑन द क्रॉस' म्हणतात. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बारमध्ये, बसमध्ये, घरी बसून लोक ती मोठ्यानं वाचून दाखवायचे. जेम्स हे बाप्तिस्म्याचं नाव त्यानं त्याच्या आधीच टाकलं होतं. नाव टाकणं म्हंजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पुढची 'मातिगारी', १९८६. तिच्यातला नायक जंगलातून परत येतो आणि गावोगाव विचारत फिरतो, सत्य आणि न्याय कुठं मिळेल? लोक त्या माणसाबद्दल इतकं बोलायला लागले की पोलीस त्याला पकडायला निघाले. नंतर कळलं की तो पुस्तकातला आहे, मग पुस्तकंच जप्त केली. न्गुगीनं स्वतः हे लिहून ठेवलंय. तो तेव्हा देशाबाहेर होता, १९८२ पासून परत जाता येत नव्हतं. कामिरीथूचं नाट्यगृह त्याच वर्षी पाडून टाकलं होतं.

इतकं सांगून झाल्यावर माझं भांडण सांगतो. केनियात चाळीसच्या वर जमाती आहेत. न्गुगीच्या कादंबरीत राष्ट्र म्हणून जे दिसतं ते बरंचसं गिकुयू आहे. बेथवेल ओगोट, विल्यम ओचिएंग यांसारख्या केनियातल्याच इतिहासकारांनी हा आक्षेप घेतला की माऊ माऊ म्हंजे सगळ्या देशाचा लढा असं म्हणता येणार नाही. आक्षेपात दम आहे. एका जमातीचं दुःख खरं असलं म्हणून तेच देश होत नाही. आपल्यातही एका जातीची गोष्ट 'दलित' म्हणून चालते आणि मांग, ढोर, भंगी शेजारी उभे राहून ऐकतात. हे आपण किती दिवस चालवणार आहोत?

दुसरं. १९८६ ला न्गुगीनं 'अ ग्रेन ऑफ व्हीट' सुधारली. पहिल्या आवृत्तीत कोइनांडू हा लढवय्या डॉ. लिंड या गोऱ्या बाईवर बलात्कार करतो. सुधारलेल्या पुस्तकात तो बलात्कार नाही. 'पक्ष' होता तिथं 'चळवळ' झाली. बदललेल्या राजकीय विचाराशी पुस्तक जुळावं म्हणून हे केलं. मला हे मान्य नाही. ज्या लेखकानं गद्दाराला व्यासपीठावर उभं केलं त्यानंच नंतर आपल्या सैनिकाचे हात धुऊन दिले. मग केन्याटाच्या 'विसरा' मध्ये आणि यात अंतर किती? काही मित्र म्हणतात, शत्रूच्या हातात कोलीत कशाला द्यायचं, गोरे तर माऊ माऊला रानटीच म्हणत होते. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण ज्या बाईवर झालं तिच्या बाजूनं बघितलं तर खोडरबर कुणाच्या कामाला आलं ते दिसतं.

बायकांचं आणखी एक. 'पेटल्स ऑफ ब्लड' मधली वांजा देशासारखी लुटली जाते, विकली जाते. देश म्हंजे बाई आणि बाई म्हंजे सोसणारी, हे गणित त्याला सोडवत नाही. २०२४ मध्ये त्याच्या मुलानं, तोही लेखक आहे, जाहीरपणे लिहिलं की वडील माझ्या आईला मारायचे. त्याच्यावर लेख लिहिताना हे गाळून पुढं जाणं मला जमलं नाही.

लंडनहून शेवटी काय निघालं तेही नोंदवतो. हाल झालेल्या म्हाताऱ्यांनी तिथल्या कोर्टात दावा लावला. २०११ मध्ये उघड झालं की जाताना इंग्रजांनी पेट्याच्या पेट्या कागद केनियातून नेऊन लपवले होते. जून २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारनं छळ झाल्याचं मान्य केलं आणि ५,२२८ जणांसाठी एक कोटी नव्व्याण्णव लाख पौंड द्यायचं ठरलं. न्गुगीनं १९६७ मध्ये छावणीबद्दल लिहिलं होतं ते सरकारी फायलीत निघालं, चव्वेचाळीस वर्षांनी.

'डेव्हिल ऑन द क्रॉस' तेलुगूत आणली ती कवी वरवरा राव यांनी, १९८० च्या दशकात तुरुंगात असताना. तेच वरवरा राव २०१८ मध्ये भीमा कोरेगावनंतरच्या खटल्यात पकडले गेले आणि नंतर आपल्या तळोजा जेलमध्ये होते.

मी सध्या थाबाईच्या सभेचं प्रकरण मराठीत करून बघतोय. अडतंय ठिकठिकाणी. 'उहुरू' तसंच ठेवलंय, स्वातंत्र्य म्हटलं की शाळेतला झेंडा दिसतो. 'होमगार्ड' म्हटलं तर आपल्याकडचा बंदोबस्तातला काठीवाला गरीब माणूस डोळ्यांपुढं येतो, तो तसा नाही. वाम्बुईला मी माझ्या आजीसारखी बोलायला लावलीय. मुगोचं मात्र जुळत नाही. तो इतका कमी बोलतो की प्रत्येक शब्द बोलीतला घेतला तर नाटकी होतो आणि पुस्तकी घेतला तर मास्तर वाटतो. कुणाला सुचलं तर कळवा, पत्ता मागच्या पानावर आहे.